काना सुटला, वेलांटी निसटली

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला आणि वेबपाने घडवणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मराठी पानांचा हिशेब मात्र तेवढ्याने मिटला नाही. ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते’ या जुन्या पाटीच्या जागी ‘हे पान क्रोममध्येच उघडा’ अशी नवी पाटी तोवर लागलेली होती.

पेठसारख्या तालुक्याच्या गावी या पाटीचा अर्थ फार जाचक होतो. करंजाळी किंवा जोगमोडीहून दाखल्यासाठी पेठला आलेल्या माणसाला मिळेल त्या संगणकावर, नाहीतर खिशातल्या जुन्या फोनवर काम उरकायचे असते. शहरातल्या कचेरीत नव्याकोऱ्या यंत्रावर तपासलेले पान त्याच्यापुढे तसेच उघडेल, याची हमी कोण देणार?

मराठी वेबपानांची सुरुवातीची वर्षे थोडक्यात सांगता येतात. १९९७ साली नेटस्केप आणि एक्स्प्लोरर या दोन ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या. पानाबरोबरच फॉन्ट पाठवायची सोय दोघांनी दिली, पण एकाची फाइल दुसऱ्याला उमगत नसे. मराठी पानासाठी दोन प्रकारच्या फॉन्ट-फायली आणि दोन तऱ्हांची जावास्क्रिप्ट लिहावी लागे. शिवाजी किंवा डीव्ही-टीटी योगेश असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फॉन्ट पोहोचला नाही, तर बातमीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा समोर येई.

खरी झुंज २००१ ते २०१० या दशकात झाली. विंडोज एक्सपी आले तेव्हा मंगल फॉन्ट होता, युनिकोड होते. तरीही जोडाक्षरे नीट जुळायला सेटिंगमध्ये एक खूण करून मूळ सीडी घालावी लागे. सायबर कॅफेत ती सीडी हाताशी नसली, की ‘कि’ची पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि हलन्त उघडा पडे. याच काळात, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे ‘मनोगत’सारखी युनिकोडमधली संकेतस्थळे उभी राहिली, तेव्हा लेखनाइतकाच वेळ ‘मला चौकोन दिसतात’ या तक्रारीचा उलगडा करण्यात जाई. तक्रार करणारा कोणते विंडोज वापरतो, कोणता ब्राउझर, हे विचारून घेऊन अनोळखी माणसे एकमेकांना एकेक पायरी समजावत. तो धीर आता दिसत नाही, याची हळहळ वाटते.

त्या दशकाचा एक राग अजूनही विझलेला नाही. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. बाजार जिंकल्यावर मायक्रोसॉफ्टने पाच वर्षे ब्राउझर तसाच ठेवला आणि त्याच्या चुकांना वळसा घालण्यात इतरांची उमेद खर्ची पडली. फायरफॉक्सही निर्दोष नव्हता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत परिच्छेद दोन्ही कडांना समान लावला, की देवनागरी अक्षरांचे काने-मात्रे सुटे होत. लिनक्सवर पँगो ही अक्षरजुळणी वेगळी चालू करावी लागे. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कुठे ही दुखणी थांबली.

मराठीची आणखी काही दुखणी हिंदीच्या छायेत झाकली गेली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर ‘अ’वर चंद्र चढवला, की कुठे तो नीट बसे, कुठे शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन पडे. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येई, त्यामुळे दिसायला एकच असलेला शब्द शोधात सापडत नसे. एका प्रकारात अदृश्य जोडचिन्ह लागे. ते वाटेत गळाले, की पेठभोवतीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होई.

नंतरची दहा वर्षे भराभर सरली. ब्राउझर आपोआप अद्ययावत होऊ लागले, हार्फबझ ही अक्षरजुळणी फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड या तिघांतही आली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरनेही क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमचाच पाया घेतला. दिसण्याचा प्रश्न बराचसा मिटला, पण तपासणीची सवयही त्याबरोबर मोडली.

आता चूक दिसत नाही, ती अर्ज नाकारते. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याचा नेहमीचा संकेत फक्त इंग्रजी अंक मानतो. गट क्रमांक ‘४७’ असा मराठीत लिहिला, तर तो चुकीचा ठरतो. नावात अक्षरेच आहेत ना, हे पाहणारा नियम काना-मात्रांना अक्षर समजत नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरांचे नाव मोजताना दहा भरते. माणसाच्या नजरेने अक्षरे मोजणारी सोय क्रोममध्ये २०२० साली आली, सफारीत २०२१ साली, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये. आता ती तिघांतही आहे, तरी अर्जाच्या चौकटी जुन्याच पद्धतीने मोजतात.

मग नाव चौकटीत मावत नाही म्हणून अर्ज भरून देणारा दुकानदार ते तोडून बसवतो, दाखल्यावर तेच छापले जाते आणि ते दुरुस्त करायला करंजाळीच्या माणसाला मजुरी बुडवून पुन्हा पेठ गाठावे लागते.