मातीचा नकाशा (भाग ६) : नखाएवढे लखनौ, खोलीएवढे लखनौ

लखनौ जिल्ह्याचे क्षेत्रफळ २,५२८ चौरस किलोमीटर. अन्न व कृषी संघटना आणि युनेस्को यांनी १९७१ ते १९८१ या काळात छापलेल्या जगाच्या मृदा-नकाशाचे प्रमाण १ : ५०,००,००० होते. त्यावर हा अख्खा जिल्हा बोटाच्या नखाएवढा, जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने राज्याराज्यांचे नकाशे १ : २,५०,००० प्रमाणावर केले. तिथे तोच जिल्हा वीस-वीस सेंटिमीटरचा चौकोन होतो. आणि गावपातळीच्या पाहणीसाठी ब्यूरो वापरतो त्या १ : १०,००० प्रमाणात तो मांडायचा, तर पाच मीटर लांब-रुंद खोलीची फरशी लागेल.

हा हिशेब मी मांडला तो ऊसरासाठी. आपण जिला चोपण जमीन म्हणतो, ती तिकडे ऊसर. उन्हाळ्यात तिच्यावर रेह, म्हणजे क्षारांचा पांढरा थर फुलतो. सामू दहाच्याही वर जातो. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी वरच तुंबते. उपाय जिप्समचा. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकते, मग शेतात पाणी साठवून तो खाली धुवून काढायचा आणि पहिले पीक भाताचे घ्यायचे.

पण जिप्सम टाकायचे कोणत्या शेतात? एकास दहा लाख, म्हणजे १ : १०,००,००० प्रमाणाच्या माहितीसंचात एका तुकड्यापुढे एवढेच लिहिलेले असते, की इतके टक्के माती या जातीची, इतके टक्के त्या जातीची. चोपण किती ते कळते, कुठे ते कळत नाही. राज्याचे धोरण ठरवायला तेवढे पुरते, शेतकऱ्याला नाही. नेदरलँड्समधल्या एका संस्थेचा जगभराचा संगणकीय नकाशा २५० मीटरच्या चौकटींचा आहे. एक चौकट म्हणजे साडेपंधरा एकर, आणि त्यात कितीतरी शेते बसतात. मोबाइलवर तो कितीही मोठा केला, तरी चौकटीच्या आतले काही उलगडत नाही. नकाशा मोठा केला की बारकावे दिसतात, हा भ्रम मला सर्वांत घातक वाटतो. म्हणूनच उत्तर प्रदेशात १९९३ मध्ये ऊसर सुधारणा हाती घेतली, तेव्हा लखनौच्या सुदूर संवेदन केंद्राची उपग्रहचित्रे आणि गावचे खसरा-नकाशे, म्हणजे शेतवार नकाशे, जोडावे लागले, शेताशेतातली माती तपासावी लागली.

एवढी बारकाई का, याचे उत्तर जमिनीच्या उंचसखलपणात आहे. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या गंगेच्या मैदानात थोड्याशा खोलगट जागी पाणी साचते आणि तिथेच माती चोपण होते. अमरावती जिल्ह्यातल्या पेढी नदीच्या खोऱ्यात, काळ्या मातीत, ब्यूरोच्या शास्त्रज्ञांना याच्या उलट दिसले: तिथे चोपण होतो तो किंचित उंचवटा. उंचसखलपणावरून चोपण ओळखायला लखनौच्या नमुन्यांवर शिकवलेला संगणक पेढीकाठी आणला, तर तो चांगल्या शेतात जिप्सम टाकायला सांगेल.