धनुष्य आणि आडवे धनुष्य

रामाचे कोदंड आणि विष्णूचे शार्ङ्ग ही नावे आपल्या घरोघरी परिचित आहेत. त्यांपैकी ‘शार्ङ्ग’ ह्याचा मूळ अर्थ ‘शिंगाचे’ असा आहे, आणि त्या एका शब्दात जुन्या शस्त्रविद्येची मोठी युक्ती साठविलेली आहे. लाकडी पट्टीस धनुर्धराकडील अंगाने शिंग आणि पलीकडील अंगाने स्नायूंचे तंतू सरसाने चिकटविले, म्हणजे आखूड धनुष्यही विलक्षण जोर धरते. मोगल स्वाराची कमान ह्याच जातीची होती. परंतु सरसाचा वैरी ओलावा! कोकणच्या पावसात अशी कमान फार जपावी लागे. बांबूच्या तिरकमठ्यास ती चिंता नव्हती. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी व खानदेशातील भिल्लांनी तोच पिढ्यान्‌पिढ्या वापरला. भिल्लांच्या तिरकमठ्याची तर दोरीसुद्धा बांबूच्या चिवट सालीची.

ह्याच किनाऱ्यावर पुढे निराळे धनुष्य आले. १४९८ साली वास्को द गामाबरोबर आलेल्या पोर्तुगीजांजवळ आडवी धनुष्ये होती. टिटवाळ्याची काळू नदी उल्हासेस मिळते आणि ते पाणी वसईच्या खाडीने समुद्रास जाते. त्या खाडीच्या मुखावरील वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. आडवे धनुष्य म्हणजे बंदुकीसारख्या लाकडी दस्त्यावर आडवी बसविलेली कमान. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवावयाची, आखूड बाण खोबणीत ठेवावयाचा आणि नेम धरून कळ दाबावयाची.

मग ह्या दोहोंत श्रेष्ठ कोणते? १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ ह्या इंग्रजी जहाजात सापडलेली लांब धनुष्ये ओढावयास सुमारे १०० ते १८० पौंडांचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. असा दंड लहानपणापासूनच्या तालमीवाचून येत नाही. आडव्या पोलादी धनुष्याची दोरी हाताने फिरवावयाच्या रहाटाने ओढीत. त्यामुळे त्याचा ताण हजार पौंडांवरही नेता येई. परंतु म्हणून त्याचा मारा दसपट होई, असे समजू नये. साध्या धनुष्याची दोरी बाणास सुमारे दोन फूट ढकलीत नेते, आडव्याची जेमतेम सहा-सात इंच. शिवाय पोलादी पात्याच्या स्वतःच्याच वजनात पुष्कळसा जोर खर्ची पडतो. तरबेज तिरंदाज मिनिटास दहा बाण सोडी, तेवढ्यात रहाटवाल्याचे एक-दोन होत.

१३४६ साली फ्रान्समधील क्रेसीच्या रणात हा फरक उघड झाला. फ्रेंच राजाचे जिनोव्हाचे आडवे धनुर्धारी आपल्या मोठ्या ढाली मागे गाड्यांतच ठेवून पुढे झाले आणि इंग्रजी बाणांच्या वर्षावात मोडले. तटाच्या आडोशाला मात्र हेच शस्त्र उत्तम, कारण तेथे सावकाश दोरी चढविता येते आणि ताणलेले धनुष्य हाताला श्रम न देता नेमावर धरून ठेवता येते.

आडव्या धनुष्याचे खरे महत्त्व ह्याहून निराळे आहे. ते थोड्या शिकवणीने कोणासही वापरता येई. ११९९ साली इंग्लंडचा शूर राजा रिचर्ड एका लहानशा गढीवरून सुटलेल्या अशाच बाणाने मेला. ख्रिस्ती धर्मपीठाने ११३९ सालीच ख्रिस्ती लोकांविरुद्ध धनुर्धाऱ्यांचा उपयोग निषिद्ध ठरविला होता. पण युरोपातील राजांनी तो निषेध मानला नाही. जन्मभराची तालीम नसलेला शिपाईही ज्याने उपयोगी पडतो, ते साधन कोणता राजा टाकील?

ह्याच न्यायाने सोळाव्या शतकात बंदुकीने आडव्या धनुष्याची जागा घेतली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, ती सुरुंग आणि तोफांच्या बळावर. पोलादी धनुष्यास कुशल लोहार, कारखाना व खजिना लागे. तो आश्रय जाताच ते आपल्या किनाऱ्यावरून नाहीसे झाले. बांबूचा तिरकमठा मात्र डोंगरात टिकून राहिला. त्याला राजाश्रयाची गरज नव्हती. घराजवळचे बेट आणि बापाने मुलास दिलेली विद्या, एवढेच त्याला पुरे होते.