वाडा-विक्रमगडमार्गे भरूच

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते; लेखकाचे नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यात आपले कल्याण ‘कॅलिएना’ म्हणून येते. थोरल्या सारगनसच्या काळात ते रीतसर व्यापारपेठ होते, पुढे सँडनीसच्या हाती गेल्यावर तिथल्या व्यापाराला अडथळे आले आणि तिथे येऊन लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भरूचला, नेली जाऊ लागली, अशी नोंद आहे.

हा मार्ग नकाशावर आखायचा तर दोनच बिंदू हाताशी आहेत. एका साध्या मजकूर-फाइलीत पहिल्या ओळीवर कल्याण लिहायचे: ७३.१३, १९.२४. दुसऱ्या ओळीवर भरूच: ७२.९९, २१.७०. ही फाइल जीएमटी या नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालीला दिली की क्षणात रेषा उमटते. ती वाड्याच्या शेजारून, विक्रमगडवरून, नवसारीच्या पूर्वेकडून थेट भरूचला पोचते. साधारण पावणेतीनशे किलोमीटरचा प्रवास आणि वाटेत समुद्राचा थेंब नाही.

जीएमटीने यात काहीच चुकवलेले नाही. अक्षांश-रेखांशांचे दोन बिंदू दिले तर पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट काढायची, हा तिचा ठरलेला नियम. कमांडमध्ये ‘डॅश ए’ हा पर्याय लिहून तो बदलता येतो, पण समुद्र कुठे आहे याची विचारपूस ती रेषा काढताना करत नाही. जहाज पाण्यात ठेवायची जबाबदारी आखणाऱ्याची. वसईच्या खाडीचे मुख, डहाणूसमोरचा समुद्र, नर्मदेचे मुख असे मधले बिंदू भरले की मार्ग माणसात येतो आणि ढोबळ हिशेबाने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. आता गंमत अशी की ‘पेरिप्लस’मध्ये आहेत ते दोनच बिंदू, मधले सगळे आपण घातलेले. जहाजांचे मार्ग आखण्याच्या या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही जाणीव. जहाज अमुक वेळी अमुक ठिकाणी होते, एवढेच नोंदीत असते. बाकीची रेषा आपली.

या जीएमटीचा ग्रिनिचच्या घड्याळाशी काही संबंध नाही. ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’ हे तिचे पूर्ण नाव. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ हे दोघे संशोधक विद्यार्थी होते. सागरतळाची माहिती नकाशावर आणण्यासाठी त्यांनी स्वतःपुरत्या प्रणाली लिहायला घेतल्या आणि १९८८ मध्ये त्यांची पहिली आवृत्ती झाली. १९९१ मध्ये ‘ईऑस’ या नियतकालिकातून त्यांनी ती जगाला सांगितली, आणि फुकट दिली. वेसेल मूळचे नॉर्वेचे. पुढे हवाई विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि हे काम त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. २०२४ मध्ये ते गेले. आज जगभरचे स्वयंसेवक ती प्रणाली सांभाळतात.

तिला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. टर्मिनल उघडायचे आणि लिहायचे. ‘डॅश आर’ म्हणजे नकाशाचा प्रदेश: पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर अशा चार कडा. ‘डॅश जे’ म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी पसरायची ते. ‘डॅश बी’ म्हणजे चौकट आणि तिच्यावरचे आकडे. ‘डॅश डब्ल्यू’ म्हणजे रेषेची जाडी आणि रंग. किनारा काढणारी कमांड वेगळी, मार्ग काढणारी वेगळी, अंतर मोजणारी वेगळी. अशा शंभरच्या आसपास कमांड आहेत आणि एकीचे उत्तर दुसरीच्या हाती सोपवता येते. पहिल्या दिवशी हा सगळा प्रकार गणिताच्या पेपरसारखा भासतो, हे मान्य. पण माउसने ओढून काढलेला नकाशा पुन्हा तसाच काढता येत नाही. इथे नकाशाची कृती पाच-सात ओळींत लिहिलेली राहते. रेषा कशी आली हे दुसरा कुणी वाचू शकतो आणि त्यावर भांडूही शकतो. वाड्यावरून जहाज कसे गेले, हे ती फाइल उघडली की कळते.

नवशिक्याला हटकून नडणारी एक गोष्ट. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, रेखांश मागून. जीएमटी आधी रेखांश घेते. आकडे उलटे पडले तर डोंबिवली जाते ७३ अंश उत्तर, १९ अंश पूर्व इथे: नॉर्वेच्याही उत्तरेला, बेरेंट्स समुद्राच्या पश्चिम टोकाला, बेअर बेटापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर दक्षिणेला. ठाणे आणि कल्याणही जवळपास तिथेच, कारण तिन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. कमांडमध्ये ‘डॅश’ आणि अपूर्णविराम असा पर्याय लिहिला की क्रम उलटतो आणि मध्य रेल्वे पूर्ववत होते.

किनाऱ्याची माहितीही वेसेल-स्मिथ जोडीनेच १९९६ मध्ये तयार करून दिली. तिच्या पाच पातळ्या आहेत, संपूर्ण ते ढोबळ. प्रत्येक पायरीला साधारण ८० टक्के तपशील गळतो. सर्वांत ढोबळ पातळीत किनाऱ्याची रेषा खऱ्या जागेपासून २५ किलोमीटरपर्यंत हललेली चालते. ठाण्याची खाडी लांबीलाच पंचवीस-सव्वीस किलोमीटर, आणि उत्तरेला अगदी चिंचोळी. म्हणजे जगाच्या नकाशाला पुरेशी असलेली ती पातळी आपल्याकडे वापरली तर साष्टीचे बेटपण टिकण्याची आशाच नको. जुन्या आवृत्त्यांत काही न सांगितल्यास पाच किलोमीटर सूट देणारी पातळी आपसूक वापरली जाई. कल्याणची वाट ज्या उल्हास नदीतून आणि वसईच्या खाडीतून जाते, त्यांची रुंदी लक्षात घेता हीदेखील निकामीच.

पण जीएमटीचे खरे घर खोल समुद्रात आहे. संशोधन जहाज चालताना दर थोड्या वेळाने खोली, चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण मोजत जाते. ही मोजमापे देशादेशांत वाटून घेण्यासाठी १९७७ मध्ये एक नमुना ठरला. शीर्षकाच्या २४ ओळी, प्रत्येक ८० अक्षरांची, म्हणजे जुन्या पंचकार्डाच्या मापाची. मग मोजमापांच्या १२० अक्षरी ओळी. या फाइली वाचून मार्ग काढणारी स्वतंत्र कमांड जीएमटीत आहे. ती रेषेवर तारीख-वेळेच्या खुणाही टाकते.

अरबी समुद्रावरचे असे मार्ग एकत्र पाहिले तर आपल्या सागरविज्ञानाचा इतिहासच समोर येतो. १९३३-३४ मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ हे इजिप्तचे जहाज इकडे फिरले. १९६२ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आपल्या नौदलाचे ‘किस्तना’ होते. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ती गोव्यात दोना पावलाला आहे आणि एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. १९८३ मध्ये ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज आले. आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या लक्ष्मी खोऱ्यातल्या बुडालेल्या पर्वतांना आज रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी नावे आहेत. २०१५ मध्ये ‘जॉयडिस रेझोल्यूशन’ हे खोदकाम करणारे जहाज कोलंबोहून निघून या खोऱ्यात दोन ठिकाणी भोके पाडून मुंबईला आले. तिथून काढलेल्या गाभ्यात एका प्रचंड समुद्रतळीय दरडीचे थर मिळाले. अभ्यासकांनी तिला ‘नटराज’ नाव दिले आहे.

मार्ग एकमेकांना छेदतात त्या जागा मला सर्वांत रंजक वाटतात. एक जहाज १९६३ मध्ये त्या बिंदूवरून गेले, दुसरे १९९० मध्ये. समुद्राचा तळ तोच, तेव्हा खोलीही तीच यायला हवी. ती येत नाही. कधी ध्वनीचा पाण्यातला वेग सरसकट सेकंदाला १५०० मीटर धरलेला असतो, कधी उपग्रहांपूर्वीच्या काळात ताऱ्यांवरून काढलेली जागाच काही किलोमीटर सरकलेली असते, कधी नोंद करणाऱ्याने आकडा चुकवलेला असतो. जीएमटीतला कमांडचा एक संच असे सगळे छेदबिंदू शोधतो, फरकांची यादी करतो आणि कोणत्या मोहिमेत किती सुधारणा करावी याचा हिशेब मांडतो. दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय चूक पकडता येत नाही, म्हणून एकट्याच पडलेल्या मार्गावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आणि अशा एकट्या मार्गांमधल्या जागा कमी नाहीत. स्मिथ यांनी डेव्हिड सँडवेल यांच्याबरोबर १९९७ मध्ये उपग्रहांनी मोजलेल्या समुद्रपृष्ठाच्या उंचसखलपणावरून साऱ्या जगाच्या तळाचा अंदाज बांधला तो याच कोऱ्या जागा भरण्यासाठी. जिथे जहाजाचे मोजमाप होते तिथे ते प्रमाण मानून.

आजच्या व्यापारी जहाजांचे मार्ग मात्र उदंड आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारे ३०० टनांवरचे प्रत्येक जहाज आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सांगत राहते: चालताना दर २ ते १० सेकंदांनी, नांगरावर असताना दर तीन मिनिटांनी. अशी एक दिवसाची नोंद मुंबई बंदराच्या नकाशावर टाकली तर नांगरलेली जहाजे ठिपक्यांसारखी दिसत नाहीत. भरती-ओहोटीबरोबर ती नांगराभोवती फिरतात आणि चोवीस तासांत कमानींचा गुंता तयार होतो. जिथे संदेश पोचला नाही तिथे मात्र जीएमटी दोन टोके सरळ जोडून टाकते, आणि उरणवरून किंवा एलिफंटावरून जहाज गेल्याचे दिसू शकते. त्यासाठी ‘डॅश जी’ हा पर्याय आहे. ठरावीक अंतरापेक्षा मोठी फट आली की रेषा तोड, असे त्याला सांगायचे. व्यापारी जहाजांच्या कामात तो न वापरणे हा मी निष्काळजीपणाच समजतो. फटी दिसल्या तर नकाशा थोडा कुरूप दिसतो, दिसू दे.

कल्याण-डोंबिवलीच्या कुणा विद्यार्थ्याला हात बसवायचा असेल तर कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ घ्यावा. २०१६ च्या कायद्यात तो आहे, लांबी १४५ किलोमीटर. दुर्गाडी किल्ल्याखालून सुरुवात करून वळणावळणाला एकेक बिंदू नोंदवायचा, मग अंतर मोजणाऱ्या कमांडला ती फाइल द्यायची आणि बेरीज १४५ च्या किती जवळ येते ते पाहायचे. कमी आली तर बिंदू कमी पडले असू शकतात. किनारा काढताना ‘डॅश डी’ पुढे ‘एफ’, म्हणजे संपूर्ण पातळी, लिहायला विसरू नये.