घरातली आमरी – लेखांक ७ : तहानलेली हवा आणि फॉगर

गेल्या आठवड्यात कुंडीत काय भरायचं ते पाहिलं : कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं. आता कुंडीबाहेरच्या हवेकडे येऊ. मार्च उजाडला की साताऱ्या-सांगलीतल्या घरांतून एकच तक्रार येते. पाणी वेळेवर घालतोय, तरी फॅलेनॉप्सिसची पानं सुरकुततात, कळ्या पिवळ्या पडून गळतात. अशा वेळी पाणी वाढवलं जातं आणि मुळं कुजतात. दोष बहुतेकदा हवेचा असतो.

आपला मुलूख या बाबतीत विलक्षण आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडे जेमतेम पाचशे. घाटमाथ्यावरच्या झाडांवर सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी अशा नावांच्या आमऱ्या आपोआप वाढतात. (त्या तिथेच राहू द्याव्यात, जंगलातून आमरी उचलून आणू नये.) आणि तासगाव, कवठे महांकाळच्या शेडमध्ये द्राक्षं पंधरा-एक दिवसांत बेदाणा होतात, ती तिथल्या कोरड्या हवेच्या जोरावर. जी हवा द्राक्षाचं पाणी ओढून घेते, ती खिडकीतल्या आमरीला सोडणार नाही.

मग घाटावरच्या आमऱ्या उन्हाळा कशा काढतात? त्यांची तयारी असते. पांढऱ्या फुलांचं आपलं रानटी डेंड्रोबियम पानं गाळून टाकतं आणि जाड कांड्यांत साठवलेल्या पाण्यावर तग धरतं. फॅलेनॉप्सिसचं मूळ घर फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडची दमट जंगलं. तिला कांडं नाहीत. जो काही साठा आहे तो पानांत आणि मुळांत.

हवेतला ओलावा आपण टक्क्यांत मोजतो, पण टक्का एकटा फसवतो. २५ अंशांना एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते, ३८ अंशांना ४६ ग्रॅम. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत जवळपास १४ ग्रॅम बाष्प असतं आणि ९ ग्रॅमची जागा रिकामी. सांगलीतल्या एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २५ टक्के धरा : हवेत साडेअकरा ग्रॅम, रिकामी जागा मात्र पस्तीस ग्रॅमच्या घरात. बाष्प फारसं कमी नाही, तहान जवळजवळ चौपट. म्हणून पहिला उपाय फॉगर नव्हे. खिडकीला हिरवी शेडनेट बांधा, कुंड्या तापणाऱ्या पश्चिम भिंतीपासून हलवा, चार झाडं एकत्र ठेवा. हवा थंड झाली की तहान आपोआप उतरते.

तरीही कमी पडलं, तर फॉगर. पॉलिहाऊसमध्ये दाबाखालचं पाणी बारीक नोझलमधून फवारतात, तो फॉगर वेगळा. घरातल्या अल्ट्रासॉनिक फॉगरमध्ये पाण्याखाली एक चकती असते आणि ती वीज मिळताच सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा थरथरते. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. इथे त्याच गुणधर्माचा उलटा वापर आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म लाटा उठतात आणि त्यांच्या शेंड्यांवरून थेंब सुटतात. हे थेंब काही मायक्रॉनचेच असतात. ते थंडच असतात, वाफ नव्हे. हवेत विरताना ते हवेतलीच उष्णता घेतात, त्यामुळे भोवतालची हवा थोडी गारही होते.

एका चकतीचा फॉगर तासाला तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी उडवतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. ३० अंशांना तिथली आर्द्रता ३० टक्क्यांवरून ६५ वर न्यायला साधारण ३६० ग्रॅम पाणी लागेल. म्हणजे फॉगर तासभर चालवायचा, आणि तेवढ्या वेळात दारं-खिडक्यांतून खोलीतली हवा बदलूनही जायची. खोली ओली करण्याचा नाद सोडावा, हे माझं स्पष्ट मत आहे. भिंतीला बुरशी येते आणि झाड तहानलेलंच राहतं. त्याऐवजी तीन फूट लांब, दीड फूट खोल, तीन फूट उंच काचेचं कपाट घ्या. तेवढ्याच फरकासाठी तिथे चार ग्रॅम पाणी पुरतं, फॉगरचं मिनिटभराचंही काम नाही. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत नेचं उगवलेलं दिसलं. पुढे त्यांच्या नावाच्या काचेच्या पेट्यांतून झाडं जहाजांवर महिनोन्‌महिने जिवंत राहिली, तीही अशाच कोंडलेल्या ओलाव्यावर.

कपाटात कॉम्प्युटरमधला छोटा पंखा सतत फिरता ठेवा. ओली आणि साचलेली हवा म्हणजे पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके आणि कुजलेला गाभा. ओलावा ५० टक्क्यांखाली गेला की फॉगर सुरू, ६५ ला बंद, असा कंट्रोलर लावता येतो. फॅलेनॉप्सिसच्या पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दुपारनंतर रात्री नऊ-दहापर्यंतचा काळ सांभाळावा; पानावर थेंब दिसू लागले तर धुकं जास्त झालं. हायग्रोमीटर खरा आहे का, हे घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलाइतकं ओलं करा, मीटरसह घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत.

पाणी कोणतं, यावर सगळं ठरतं. वाफ होताना क्षार मागे राहतात. फॉगर ते थेंबासोबतच हवेत उडवतो. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि दिवसाला दोन लिटर पाणी उडतं, तर महिन्याला ३६ ग्रॅम पांढरी पूड पानांवर आणि आपल्या श्वासात. म्हणून आरओचं किंवा नीट साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा, टाकी रोज रिकामी करा. आणि त्या पाण्यात खत, बुरशीनाशक, जंतुनाशक यांतलं काहीही घालू नका. द्राक्षबागायतदारांच्या घरात बुरशीनाशक हाताशी असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दक्षिण कोरियात घरगुती ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं विकली जात. ती धुक्यासोबत फुफ्फुसात गेली आणि शेकडो माणसं दगावली. कारण उघडकीस आलं २०११ मध्ये.

जूनमध्ये पाऊस लागला की फॉगर काढून ठेवा. चकती लिंबूफुलाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, मऊ फडक्याने पुसा, खरवडू नका, पूर्ण वाळवून ठेवा. कपाटाची दारं उघडी टाका. पंखा मात्र पावसाळाभर चालूच राहू द्या. पुढच्या लेखांकात मुळांचा रंग पाहून पाणी कधी द्यायचं ते पाहू.