चाकाला नवा रंग

श्रोतेहो, पोळा जवळ आला की आपल्या भूमच्या शिवारात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागतो. आता कित्येकांच्या दाराशी मोटार उभी असते, आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकांनाही काळा, सोनेरी असा नवा रंग द्यावा, असे घरातल्या तरुणांना वाटते. द्यावा की! पण तो बसतो कसा, हे आधी समजून घेऊ.

या रीतीला पावडर कोटिंग म्हणतात. इथे ब्रश नाही, टर्पेंटाइन नाही. असते ती राळ आणि रंग यांची पिठासारखी बारीक पूड. कल्हईवाला आधी भांडे घासतो, मग तापवतो, तेव्हाच कथील धरते. तसेच हे. टायर आणि व्हॉल्व्ह काढून चाकाचा जुना रंग पार खरवडतात. मग पिचकारीतून पूड उडते, ती विद्युत्भार घेऊनच. चाकाला अर्थिंग दिलेले असते, म्हणून पूड त्याला जाऊन चिकटते. गुरुजींनी वर्गात कोरड्या केसांतून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलून दाखवावेत, तत्त्व तेच. नंतर चाक भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसवर दहा-वीस मिनिटे भाजतात. पूड वितळते, पसरते आणि कडक होते.

आता जपायचे कुठे? पहिले म्हणजे भट्टी. ॲल्युमिनियमच्या पुष्कळ चाकांना कारखान्यात उष्णता देऊनच बळ आणलेले असते. आच फार वाढली, किंवा चाक तापात फार वेळ राहिले, तर ते बळ उतरते. वरून मात्र काही दिसत नाही. दुसरे, नट टेकतात ती जागा आणि हबला लागणारी बाजू झाकून घ्यावी. तिथला जाड थर पुढे दबतो आणि नट सैल पडतात. म्हणून गाडी पन्नास-शंभर किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासावेत. तिसरे, जुना रंग निघाला की चाक उजेडात नीट पाहावे. तडा दिसला तर रंगवू नये, चाकच बदलावे. रंगाखाली तडा झाकतो, बुजत नाही. आणि त्याच चाकावर आपली लेकरेबाळे बसलेली असतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. जुवाने दुखावलेला खांदा आधी, शिंगांचा रंग दुसऱ्या दिवशी. चाकाचेही तसेच धरा.