गाळ्यावरचे आजोबा

पहाटे तीनला वाशीतल्या सोसायट्या गाढ झोपेत असतात, आणि तुर्भ्याच्या फळबाजारात गाड्यांच्या ताडपत्र्या सुटायला लागलेल्या असतात. एप्रिल असेल तर विचारायलाच नको. देवगड-रत्नागिरीकडून आलेल्या गाड्या गल्लीत एकीला एक खेटून उभ्या, माथाड्यांच्या डोक्यावरून पेट्या उतरताहेत, पायाखाली पेंढा आणि सगळीकडे हापूसचा वास. गाळ्याच्या आत गादीवर एक आजोबा बसलेले. हिशेबाला मुलगा आहे, फोन घ्यायला मेहताजी आहेत. आजोबांना तिथे खरं तर काही काम उरलेलं नाही. तरी ते येतात. एखादी पेटी उघडून फळ हातात घेतात, देठाशी नाक नेतात, आणि एक शब्दही न बोलता ती पेटी बाजूला काढून ठेवायला लावतात. आत साका, म्हणजे बिघडलेला गर निघणार, हे त्यांना आधीच कळलेलं असतं.

हे कुणा एकाचं चित्र नाही. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कांदा-बटाटा, फळ, भाजी, मसाला आणि धान्य या पाच बाजारांत असे आजोबा शोधायला फार गल्ल्या पालथ्या घालाव्या लागत नाहीत. गाळ्यावर ते ‘शेठ’, घरी ‘आबा’. या दोन नावांमध्ये बरंच आयुष्य गेलेलं आहे.

त्यांच्यातल्या अनेकांची सुरुवात खाडीपलीकडे, मुंबईत झाली. फळांचा घाऊक धंदा क्रॉफर्ड मार्केटात होता, धान्याचा दाणाबंदरला, मसाल्याचा मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांत. हातगाड्या, ट्रक, ट्राम गेल्या तरी न सुटलेली कोंडी, आणि त्यातच कुठेतरी वडिलांची पेढी. हे बाजार बेटाबाहेर न्यायचे हा नवी मुंबई या नव्या शहराच्या आखणीचाच भाग होता. हे शहर उभारणारी सिडको 1970 साली स्थापन झाली, ठाणे खाडीवरचा पहिला पूल 1973 मध्ये सुरू झाला, बाजार समिती 1977 साली आली. कांदा-बटाटा बाजार 1981 च्या सुमाराला सर्वांत आधी हलला, मसाला आणि धान्य नव्वदीच्या सुरुवातीला, फळं आणि भाजी 1996 मध्ये.

या तारखांच्या शेजारी आणखी एक तारीख ठेवून पाहावी. वाशीला लोकल आली ती मे 1992 मध्ये. म्हणजे कांदेवाले आले तेव्हा पुढची जवळजवळ अकरा वर्षं इथे रेल्वे नव्हती. खाडी ओलांडून गिऱ्हाईक येणार कसं, या धास्तीने व्यापाऱ्यांनी स्थलांतराला विरोध केला. आज तो हटवाद वाटतो, पण तेव्हा तो अगदीच अनाठायी नव्हता. पेढी म्हणजे नुसती चार भिंतींची जागा नसते. उधारीवर माल नेणारा किरकोळ विक्रेता, हंगामाआधी उचल घेऊन जाणारा बागायतदार, वर्षानुवर्षं तोच माल उचलणारा साताऱ्याकडचा माथाडी, या सगळ्यांची मिळून पेढी होते. ती उचलून दुसरीकडे ठेवता येते का, हा प्रश्न होता. ठेवता आली, पण त्यासाठी एका पिढीला दोन्ही तीरांवर राहावं लागलं: बिऱ्हाड मुंबईत, गाळा तुर्भ्यात.

आडत्याचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. माल शेतकऱ्याचा, पैसा गिऱ्हाइकाचा, आडत्या मध्ये बसून टक्का घेणार. आतून पाहिलं तर तो सगळा भरवशावर चालतो. शेकडो किलोमीटरवरच्या माणसाने न पाहता माल पाठवायचा आणि मिळालेल्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर विश्वास ठेवायचा. या भरवशाला काळी बाजूही आहे, आणि ती आजोबांच्या प्रेमापोटी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हापूसचा भाव कित्येक वर्षं रुमालाखाली ठरत आला. विकणारा आणि घेणारा कापडाआड एकमेकांची बोटं धरून बोली लावणार, आणि भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळणार नाही. या हत्ता पद्धतीवर बागायतदारांनी वारंवार आक्षेप घेतला, आणि तो रास्तच होता. ज्याचा आंबा त्यालाच भाव दिसत नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? जुने शेठ मात्र या बोटांच्या भाषेबद्दल एखाद्या कलेसारखं बोलतात.

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. बाजार बंद राहिला, वाद झाले, मग गाडं पुन्हा सुरू झालं. हंगामाचं गणितही बदललं. आता नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस याच गाळ्यांवर उतरतो. त्याची कलमं कोकणातूनच गेलेली, त्यामुळे आजोबांना त्याला धड परका म्हणता येत नाही नि आपलाही म्हणवत नाही.

या धंद्याने घेतलं काय, ते वेळापत्रकात दिसतं. मध्यरात्रीनंतर घर सोडायचं, दुपारी परतून झोपायचं, संध्याकाळी वसुलीचे फोन. आंब्याचा हंगाम आणि शाळेच्या परीक्षा नेमक्या एकाच वेळी. मे महिन्याच्या सुट्टीत बाकीचे बाप मुलांना गावी न्यायचे, तेव्हा यांच्याकडे पेट्यांचा डोंगर. मुलगा कितवीत आहे हे शेठना बायकोला विचारावं लागे, असा विनोद बाजारात चालतो. त्यावर हसणाऱ्यांना तो पुरता विनोद वाटत नसावा.

नातवंडांच्या वाट्याला मात्र हा माणूस दुपारनंतर पूर्ण येतो. शाळेच्या बसची वाट पाहत गेटपाशी उभा असतो. संध्याकाळी मिनी सीशोअरला किंवा सागर विहारला घेऊन जातो, कधी नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये टॉय ट्रेनच्या रांगेत तिष्ठतो. गाळ्यावर एका रुपयासाठी अडून बसणारे शेठ फुगेवाल्याशी घासाघीस करत नाहीत. हिवाळ्यात खाडीत फ्लेमिंगो उतरले की ते दाखवायला भल्या सकाळी उठवणाराही हाच. लवकर उठण्याची सवय कुठेतरी कामी यायला हवी.

आणि मग आढी. बाजारात फळं पिकवायला इथिलीनच्या खोल्या आल्या, कार्बाइडवर बंदी आली. घरी मात्र पलंगाखाली पेंढा पसरून त्यावर आंबे मांडले जातात. सून कचऱ्यावरून कुरकुरते. आबा गुडघे दुखत असले तरी खाली बसतात, नातीला शेजारी बसवतात आणि आंबा तिच्या हातात देतात. दाबायचा नाही, नुसता धरायचा. पिकलेला डावीकडे, दोन दिवसांनी होणारा उजवीकडे. नात एक फळ नाकाशी नेते, थोडा विचार करते आणि उजवीकडे ठेवते. आबा ते उचलून वास घेतात आणि तिथेच परत ठेवतात.