‘ऐकत नाही’ : वृद्ध कुत्र्याच्या वर्तनाविषयी एक टिपण

मराठीतील ‘ऐकणे’ या क्रियापदात दोन अर्थ नांदतात. ध्वनी कानी पडणे हा एक, आज्ञा मानणे हा दुसरा. ‘पोर ऐकत नाही’ असे म्हणणाऱ्या आईची तक्रार पोराच्या कानांविषयी नसते. केवळ कानांविषयी बोलावयाचे झाल्यास आपण वाक्याची रचनाच पालटतो व ‘त्याला ऐकू येत नाही’ असे म्हणतो. ‘तो’ प्रथमेत असला म्हणजे क्रिया त्याच्या इच्छेची ठरते. ‘त्याला’ म्हटले की ती त्याच्या बाबतीत घडणारी होते. हा भेद भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. घरचा कुत्रा म्हातारा झाला म्हणजे त्याचे व्यवहारातील मोल काय, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे केळीच्या बागांचे गाव. शेताची राखण करणारा कुत्रा तेथे पूर्वापार आहे; माणसांच्या पायांत घोटाळणारा पामेरियनसारखा लहान कुत्रा त्यामानाने नवा. लहान चणीचे कुत्रे मोठ्यांहून अधिक जगतात, पुष्कळदा चौदा-पंधरा वर्षे. म्हणून त्यांचे वार्धक्य घरच्यांना दीर्घकाळ पाहावे लागते. तेथील एका घरी अशा कुत्र्याविषयी चार वाक्ये कानी आली: हाका मारल्या तरी ऐकत नाही, हात लावला की अंगावर येतो, रात्रभर फिरतो, मुद्दाम घरात घाण करतो. चारही वाक्यांत कर्ता कुत्राच, आणि निष्कर्ष एका शब्दाचा – म्हातारचळ. चळ लागलेल्यास एक तर दटावावे, नाही तर दूर नेऊन सोडावे, एवढेच मार्ग मग उरतात.

पहिले वाक्य घेऊ. कुत्र्याची श्रवणशक्ती साधारणतः आठव्या ते दहाव्या वर्षापासून उतरू लागते व आधी उच्च कंप्रतेचे ध्वनी जातात. त्यामुळे जाड आवाजाच्या हाकेला तो काही काळ ओ देतो, बारीक आवाजाच्या हाकेला देत नाही, असे होऊ शकते. घरचे म्हणतात, ‘मालकाचेच ऐकतो’. बुडापेस्ट येथील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्याचा मेंदू शब्द व स्वराघात यांची वेगवेगळी दखल घेतो, आणि कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तरच त्याला खरे सुख होते, असे दिसले. ज्याचा शब्द हरपत चालला आहे त्याच्याशी चढ्या सुरात बोलण्याने काय साधणार? कुत्रा पाठमोरा असताना, वारा वा पावलांची धमक त्याच्यापर्यंत पोचणार नाही अशा अंतरावरून टाळी वाजवून पाहावी. कान हलला नाही तर हाताच्या खुणा शिकवाव्यात. बहिरा कुत्राही त्या शिकतो. झोपेत त्याला एकाएकी स्पर्श करू नये, समोरून यावे.

अंगावर येण्यामागे बहुधा वेदना असते. लहान जातींत दातांचे रोग व गुडघ्याची वाटी सरकणे हे विकार विशेष आढळतात. माणसांसाठीची आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मात्र कुत्र्यास विषारी ठरतात. ती देऊ नयेत.

रात्रीचे भ्रमण, भिंतीकडे टक लावणे, कोपऱ्यात अडकून पडणे, ओळखीच्या माणसास न ओळखणे ही लक्षणे मेंदूच्या ऱ्हासाची असू शकतात. माणसाच्या स्मृतिभ्रंशात आढळणारे अमायलॉइड प्रथिन वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूतही साठते. अमेरिकेतील 2001 सालच्या एका पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या 28 टक्के, तर पंधरा-सोळा वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत असे निदान एक लक्षण आढळले. सेलेजिलिन हे औषध तेथे 1998 पासून या विकारावर मान्य आहे. त्याने गेलेले परत येत नाही, काहींना उतार पडतो. दिवसा थोडे फिरविणे, रात्री मंद दिवा ठेवणे, अंथरुण व पाण्याचे भांडे यांची जागा न बदलणे हे उपाय बिनखर्चाचे असून तितकेच महत्त्वाचे आहेत.

घरातील घाणीविषयी एवढेच की, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह वा मूत्रमार्गाचा संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण वापरू नये. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे जाताना आठवडाभराची नोंद न्यावी. किती वाजता उठला, किती पाणी प्याला, कोठे हात लावला असता गुरगुरला, कोणत्या हाकेला वळला, हे तीत असावे. ‘हट्टी’, ‘चावरा’, ‘म्हातारचळ’ हे शब्द तीत नसावेत.